अंबरनाथच्या इतिहासातली गाळलेली ऐंशी वर्षं

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. अंबरनाथकरांनी तरी शेवटपर्यंत वाचा. शेवटी एक काम सांगणार आहे.

महाशिवरात्र जवळ आली की माझा फोन वाजतो. पुरवणीचा माणूस असतो. "अंबरनाथचा इतिहास द्या ना, सातशे शब्द, उद्या दुपारपर्यंत." वीस वर्षं पत्रकारिता करतोय, हा लेख मी दहा-पंधरा वेळा तरी लिहिला असेल. त्याचा साचा मला झोपेतही पाठ आहे. पहिल्या परिच्छेदात शिलाहार, दुसऱ्यात भूमिज शैली, तिसऱ्यात पांडवांनी एका रात्रीत देऊळ बांधल्याची दंतकथा, आणि मग शेवटी ते ठरलेलं वाक्य : "आज हे शहर वेगाने विस्तारत आहे." झाले सातशे शब्द. मानधन किती ते विचारू नका.

मागच्या वेळी लेख छापून आला त्या दिवशी सकाळी एका काकांचा फोन आला. आवाज खणखणीत, वय ऐंशीच्या पुढचं. म्हणाले, "वाचला तुझा लेख. बरा आहे. पण तू १०६० सालातून निघालास तो थेट टॉवरवर येऊन उतरलास. मधे आम्ही होतो ना रे?"

काका काडेपेटीच्या कंपनीत होते. तीस वर्षांहून जास्त. मी "हो काका, पुढच्या वेळी नक्की" असं काहीतरी पुटपुटलो. पण नंतर लेख परत काढून वाचला. सातशे शब्दांत 'कामगार' हा शब्द एकदाही नव्हता. आणि मी स्वतः कामगाराचा मुलगा.

म्हणून हा लेख. पुरवणीसाठी नाही, इथेच लिहितोय. शब्दमर्यादा नाही.

देवळापासूनच सुरू करतो, कारण त्याच्याही इतिहासात एक गंमत आहे जी मी साच्यातल्या लेखात कधी घातली नाही. आपण सगळे १०६० हे साल तोंडपाठ म्हणतो. ते आलं कुठून? देवळाच्या दारावरच्या शिलालेखातून. १८६८ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून माणसं इथे आली, देवळाची मापं घेतली, चित्रं काढली, नक्षीचे साचे घेतले. त्या कामात तो लेख सापडला. त्याचं पहिलं वाचन केलं डॉ. भाऊ दाजी लाडांनी, आणि साल वाचलं शके ७८२. म्हणजे इसवी सन ८६०. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तोच लेख पुन्हा वाचला आणि सांगितलं की पहिला आकडा सात नाही, नऊ आहे. शके ९८२, म्हणजे १०६०. एका आकड्याने देऊळ दोनशे वर्षांनी तरुण झालं! राजाचं नाव मुम्मुणी, लेखात माम्वाणी. काम त्याच्या आधीच्या छित्तराजाने सुरू केलं असावं असं मानतात.

सांगायचं कारण असं की या देवळाकडे बघायला माणसं आली. मापं घेतली, चुकलं ते दुरुस्त केलं, पुरातत्त्व खात्याचा निळा फलक लागला. हे सगळं व्हायलाच हवं होतं. देऊळ तेवढ्या मोलाचं आहेच. गाभाऱ्यात उतरणाऱ्या पायऱ्यांवर मे महिन्यातही जो गारवा लागतो तो ज्याने अनुभवलाय त्याला वेगळं सांगायला नको. पण देवळानंतर आठशे-नऊशे वर्षांनी याच गावात जे घडलं त्याचं माप कोणी घेतलं नाही. आणि आजचं अंबरनाथ, म्हणजे स्टेशन, रस्ते, चाळी, शाळा, नाके, हे देवळाने नाही वसवलं. ते रेल्वेने आणि कारखान्यांनी वसवलं.

कल्याणहून खोपोलीकडे जाणारी लाईन १८५६ मध्ये सुरू झाली. बोरीबंदर-ठाणे पहिली गाडी १८५३ ची, म्हणजे अवघ्या तीन वर्षांत गाडी आपल्या शेतांतून धावायला लागली. वाफेच्या इंजिनाला कोळशाइतकंच पाणी लागतं. त्या पाण्यासाठी जीआयपी रेल्वेने काकोळ्याच्या डोंगराशी बांध घालून तलाव केला. जुनी माणसं त्याला अजून 'जीआयपी टँक'च म्हणतात. जीआयपी म्हणजे काय ते विचारलं तर निम्म्यांना सांगता येणार नाही, पण रविवारी पोहायला कुठे जायचं ते सगळ्यांना माहीत. त्याच डोंगरातून वालधुनी निघते. ती देवळाला वळसा घालते, उल्हासनगरातून जाते आणि कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. वरती तलाव, मधे देऊळ, खाली नाला. नदीची ही तीन रूपं बघायला सायकलवर अर्धा तास पुरतो. तिच्या पाण्याचं पुढे काय झालं तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे, आज तिकडे वळत नाही.

आता काडेपेटी.

१९२२ मध्ये ब्रिटिश सरकारने बाहेरून येणाऱ्या काडेपेट्यांवरची जकात वाढवून ग्रोसला दीड रुपया केली. ग्रोस म्हणजे १४४ पेट्या. तोवर हिंदुस्थानात काडेपेट्या यायच्या त्या मुख्यतः जपान आणि स्वीडनहून. जकात एवढी चढल्यावर स्वीडिश मॅच कंपनीने सरळ हिशोब केला : माल आणण्यापेक्षा कारखानाच तिकडे नेऊ. १९२३ मध्ये वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी निघाली. आद्याक्षरं जोडा, विम्को. तिच्या कारखान्यांतला एक आपल्या अंबरनाथला आला. बाकीचे बरेली, कलकत्ता, मद्रास वगैरे ठिकाणी.

अंबरनाथच का? माझं मत सांगतो : मुंबई बंदरापासून साठ किलोमीटर, दारात रेल्वे, पाणी जवळ आणि जमीन कवडीमोल. या चारपैकी पाणी आणि जमीन आता संपल्यात जमा आहेत. राहिली रेल्वे, आणि तिच्यात उभं राहायला जागा नाही.

स्वीडिश मॅचचा सर्वेसर्वा होता आयव्हार क्रूगर. सरकारांना कर्ज द्यायचं आणि बदल्यात त्या देशात काडेपेटी विकण्याची मक्तेदारी घ्यायची, असा त्याचा धंदा. जगभर 'मॅच किंग' म्हणून गाजला. मंदीत सगळा डोलारा हलला आणि मार्च १९३२ मध्ये पॅरिसमध्ये त्याने स्वतःला गोळी घातली. नंतर हिशोब तपासले तेव्हा खोट्या जमाखर्चाचे ढीग निघाले. कंपनी मात्र तगली, आणि अंबरनाथची चिमणी धूर सोडत राहिली. मी हे काकांना सांगितलं तर ते हसले. "असेल बाबा. आम्हाला मालक कोण ते पगाराच्या दिवशी आठवायचं."

काडी कशी होते हे काकांनी मला तासभर समजावलं. ओंडका आधी उकळत्या पाण्याने किंवा वाफेने मऊ करायचा. सावरीचं लाकूड चालतं, कारण ते हलकं आणि सरळ फाटतं. मग ओंडका यंत्रावर फिरवून पेन्सिल सोलावी तसा सोलायचा. त्याचे पातळ पापुद्रे निघतात. त्या पापुद्र्यांच्या काड्या कापायच्या. काड्या वाळवायच्या, टोकं मेणात बुडवायची, नाहीतर गुल पेटून विझेल आणि लाकूड पेटणारच नाही. मग गुल चढवायचा. आणि खरी मेख इथे आहे : ज्याने पेट घ्यायचा तो लाल फॉस्फरस काडीवर नसतो, पेटीच्या कडेला असतो. म्हणून त्या काडीला 'सेफ्टी' म्हणतात. दोघं वेगळे ठेवले तर धोका नाही, घासले तर जाळ. काका म्हणाले, "सासू-सुनेसारखं." हा विनोद त्यांनी तीस वर्षं केला असणार, सराईत होता.

कामाची एक खूण त्यांच्याकडे अजून आहे. स्वयंपाकघरात लायटर आहे, तरी काकांच्या देवघरात काडेपेटीच. पेटी हातात आली की आधी कानाजवळ नेऊन हलवतात. आवाजावरून भरलेली किती ते कळतं म्हणे. मी मोजून बघितलं नाही.

विम्को ही सुरुवात. स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकात, संरक्षण खात्याचे दोन कारखाने आले : ऑर्डनन्स फॅक्टरी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी. आपण सगळ्याला मिळून 'ऑर्डनन्स' म्हणतो. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढे अंबरनाथला तिचे पट्टे आखले गेले, मोरिवली, आनंदनगर वगैरे. केमिकल, इंजिनीअरिंग, औषधं. फाळणीनंतर शेजारच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांचं उल्हासनगर उभं राहिलं, ते आपल्या वेशीपर्यंत आलं. पंचवीस-तीस वर्षांत गावाचा चेहरा पार बदलला.

माणसं कुठून कुठून आली! घाटावरून आली, कोकणातून आली, खानदेश-विदर्भातून आली. ऑर्डनन्सच्या कॉलनीत मल्याळी, तमिळ, बंगाली, तेलुगू, पंजाबी. आमच्या लहानपणी डिसेंबरात अय्यप्पाच्या भक्तांची काळी वस्त्रं दिसायची, दसऱ्याला बंगाल्यांची दुर्गा आणि भाद्रपदात प्रत्येक सेक्शनचा गणपती. माझ्या वर्गात सात भाषांची पोरं होती आणि सगळी एकमेकांना मराठीत शिव्या घालायची. आज 'कॉस्मोपॉलिटन' म्हणून जाहिराती करतात ते हेच. फक्त तेव्हा त्याला नाव नव्हतं.

आणि भोंगा. ज्यांनी तो ऐकलाय त्यांना वेगळं सांगायला नको. घड्याळ असलेली घरंही भोंग्यावर चालायची. आई कुकर चढवायची ती भोंग्यावर. दुपारचा भोंगा झाला की अर्ध्या तासात गल्लीच्या टोकाला सायकली दिसायला लागायच्या, हँडलला लटकलेला रिकामा डबा खडखडत. फर्स्ट, सेकंड, नाईट. घराघरांत आठवड्याचं वेळापत्रक पाळीवर ठरायचं. बाबांची नाईट असली की दिवसा आम्ही कुजबुजत बोलायचो. खेळायला बाहेर, भांडायलाही बाहेर.

माझे वडील एमआयडीसीतल्या एका इंजिनीअरिंग कंपनीत टर्नर होते. कंपनीचं नाव लिहीत नाही, ती आता नाही आणि मालकांची पुढची पिढी कुठे आहे मला ठाऊक नाही. मी दहावीत असताना एक दिवस बाबा फर्स्ट शिफ्टला गेले आणि सकाळी नऊ वाजता परत आले. गेटला कुलूप होतं, नोटीस लावलेली. त्यांनी डबा ओट्यावर ठेवला आणि आईला म्हणाले, "भाजी टिकेल संध्याकाळपर्यंत." बस. देणी मिळायला अकरा वर्षं लागली आणि मिळाली ती अर्धवट. या काळात बाबांनी रिक्षा चालवली, वॉचमनगिरी केली. टर्नर माणूस, दोरा-दोरा मोजून काम करणारा, सोसायटीच्या गेटवर वहीत गाड्यांचे नंबर लिहीत बसायचा. अक्षर सुंदर होतं. त्या सोसायटीच्या वहीतही सुंदरच होतं.

हे रडगाणं म्हणून लिहीत नाही. नव्वदीत आणि त्यानंतर अंबरनाथच्या हजारो घरांत हेच झालं. विम्को पुढे आयटीसीच्या हाती गेली, इथली काडेपेटी बंद झाली. ऑर्डनन्स टिकली, पण १ ऑक्टोबर २०२१ ला देशातल्या ४१ आयुध कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा आपल्या शहरातले दोन शेजारी कारखाने दोन वेगळ्या कंपन्यांत गेले. एक यंत्र इंडियात, दुसरा आर्मर्ड व्हेइकल्स निगममध्ये. एमआयडीसीत आजही शेकडो युनिट चालू आहेत, नाही असं नाही. पण तिथला कामगार बहुतेक कंत्राटी. कॉलनी नाही, कँटीन नाही, भोंगा नाही. तो कुठे राहतो हे शहराला माहीत नाही आणि शहराचा इतिहास त्याला.

आता थोडं राजकारण, कारण त्याशिवाय हा इतिहास लागत नाही.

अंबरनाथला स्वतःची नगरपालिका होती. ऑक्टोबर १९८३ मध्ये कल्याण महानगरपालिका झाली तेव्हा कल्याण, डोंबिवलीबरोबर अंबरनाथ आणि बदलापूरही तिच्यात घातलं. विचारलं कोणाला? त्या महापालिकेची पहिली निवडणूक झाली १९९५ मध्ये. म्हणजे बारा वर्षं प्रशासक. त्यातली नऊ वर्षं आपण तिच्यात होतो. नळ नाही आला तरी कल्याणला जायचं, दाखला हवा तरी कल्याणला. १९९२ मध्ये अंबरनाथ-बदलापूर बाहेर पडले आणि पुन्हा आपापली नगरपालिका झाली. बाहेर पडण्यासाठी इथल्या सगळ्या रंगांच्या लोकांनी आवाज उठवला होता हे आज कोणी सांगत नाही, कारण प्रत्येक पक्षाला ते एकट्याने केल्यासारखं सांगायचं असतं.

मग २०१५ ला निवडणूक झाली, २०२० मध्ये मुदत संपली, कोरोना आला आणि पुढे कोर्टकचेऱ्या. मतदान व्हायला डिसेंबर २०२५ उजाडला. परत पाच वर्षं प्रशासक. गेल्या चव्वेचाळीस वर्षांच्या आत चौदा वर्षं या शहरात लोकांनी निवडलेला नगरसेवक नव्हता. आणि ही दुसरी पाच वर्षं नेमकी ती, जेव्हा शहरात सगळ्यात जास्त टॉवर उठले. योगायोग म्हणा हवं तर.

२००१ च्या जनगणनेत अंबरनाथची लोकसंख्या होती २,०३,८०४. २०११ मध्ये २,५३,४७५. शेजारचं बदलापूर त्याच दहा वर्षांत ९७,९४८ वरून १,७४,२२६ वर गेलं. त्यानंतर जनगणनाच झालेली नाही. आज किती आहोत ते सकाळी सातच्या लोकलला विचारा. नवे लोक आले ते इथे काम करायला नाही, झोपायला आले. यात त्यांचा दोष नाही. मुंबईत घर परवडत नाही म्हणून आले, दिवसाचे चार तास गाडीत घालवतात. पण आधीच्या शहरात माणूस ज्या रस्त्याने कामावर जायचा त्याच रस्त्यावर राहायचा. आता ज्या शहरात राहतो ते तो उजेडात बघतो फक्त रविवारी. मग त्याला शहराचा इतिहास म्हणून देऊळच दिसणार. रविवारी जाऊन फोटो काढण्यासारखं तेवढंच आहे.

बाकी इतिहास कुठे राहिलाय सांगू? रिक्षावाल्यांच्या तोंडी. "विम्को नाका, विम्को नाका, एक सीट!" दिवसातून हजार वेळा ओरडतात. मी मुद्दाम एका तरुण रिक्षावाल्याला विचारलं, विम्को म्हणजे काय रे? म्हणाला, "कुठला तरी मोठा माणूस असेल साहेब." उलन चाळ घ्या. तिथल्या शाळकरी मुलीला वाटत होतं उलन हे आडनाव आहे. वूलन, लोकरीची गिरणी, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. बी केबिन रोडवर लाखोंचे फ्लॅट विकले जातात आणि घेणाऱ्याला माहीत नसतं की ही केबिन रेल्वेच्या सिग्नलची. पत्ता रोज लिहितो, अर्थ हरवलाय.

चेन्नईत तिरुवोट्टियूरला विम्कोचा असाच एक कारखाना होता. तिथल्या मेट्रोच्या स्टेशनचं नाव आज 'विम्को नगर' आहे. स्टेशनच्या पाटीवर, नकाशावर, गाडीतल्या घोषणेत. आपल्याकडे नुसता नाका उरलाय, आणि उद्या कोणीतरी ठराव करून त्याला एखाद्या नेत्याचं नाव देणार नाही याची हमी मी देऊ शकत नाही. नेत्यांना चौक भरपूर आहेत. हा एक राहू द्या.

काकांकडे मी नंतर तीनदा गेलो. चौथ्यांदा गेलो तेव्हा त्यांनी पत्र्याची पेटी उघडून दाखवली. गेटपास, पगाराच्या चिठ्ठ्या, युनियनच्या वर्गणीच्या पावत्या, कंपनीच्या क्रीडा स्पर्धेतला एक कबड्डी संघाचा फोटो. फोटोत बारा जण. काकांनी एकेकावर बोट ठेवून नाव सांगितलं, गाव सांगितलं, खातं सांगितलं. नऊ जण गेलेत. सूनबाई दारात उभ्या होत्या, म्हणाल्या, "घर रिडेव्हलपमेंटला जातंय. भाड्याच्या घरात एवढं सामान कुठे ठेवायचं?" त्यांचंही चूक नाही. पेटी मी तात्पुरती माझ्याकडे आणलीय.

तर आता काम. तुमच्या घरात, माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत विम्कोचं, ऑर्डनन्सचं, उलन मिलचं, एमआयडीसीतल्या कुठल्याही बंद पडलेल्या कंपनीचं काहीही असेल, म्हणजे फोटो, पास, पगारपत्रक, कँटीनचं कुपन, संपाचं पत्रक, काडेपेटीचं जुनं लेबल, तर रद्दीत घालू नका. मला मेसेज करा. मी घरी येऊन मोबाईलवर स्कॅन करीन, वस्तू तुमच्याकडेच राहील. घरात त्या काळातलं माणूस असेल तर आणखी चांगलं. अर्धा तास द्या, मी रेकॉर्डर घेऊन येतो. फक्त सकाळी अकरानंतर बोलवा. म्हाताऱ्या माणसांची औषधं, आंघोळ, पूजा तोवर आटोपते. आणि काकांनी बजावलंय : ज्याला फर्स्ट शिफ्टची सवय होती तो दुपारी तीननंतर बोलायला लागतो, त्याआधी नुसता घड्याळाकडे बघत बसतो.